तुमच्या चर्चचा चेअरमन कोण?

मे २०२५ मध्ये नवे पोप निवडून आले, त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "मग, तू मत कोणाला दिलंस?" मी हसले. त्यांना वाटलं, सांगायचं टाळतेय. मग तळमजला येईपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. मत फक्त कार्डिनलांना, म्हणजे पोपच्या खालोखालच्या ज्येष्ठ धर्मगुरूंना, तेही ऐंशीच्या आतल्या. या वेळी १३३ जणांनी मतदान केलं आणि निवडून यायला दोन तृतीयांश, म्हणजे ८९ मतं लागत होती. आपल्या मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना आदल्या डिसेंबरातच ऐंशी पूर्ण झाली, म्हणून त्यांनाही मत नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि लिफ्टचं दार उघडताना म्हणाल्या, "ते रोमचं झालं गं. पण इथे ठाण्यात, तुमच्या चर्चचा चेअरमन कोण?"

रोमचं सांगणं सोपं होतं, याचं उत्तर मात्र लिफ्टमध्ये मावणारं नव्हतं. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर ठाण्यातलं, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. दोन्हीकडच्या मीटिंगांतला चहा मी प्यायले आहे, आणि दोन्हीकडे 'पुढारी चांगला की वाईट' यावर झालेली भांडणंही ऐकली आहेत. तेव्हा काकूंसाठी आणि त्यांच्यासारखाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी हे जरा सविस्तर.

आधी शब्द समजून घेऊ

'चर्च' म्हटलं की ठाणेकराला तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट आठवतं, नाहीतर १८२५ सालचं सेंट जेम्स. म्हणजे इमारत. आमच्या दृष्टीने चर्च म्हणजे आधी माणसं. नगरकडे तर शब्दच 'मंडळी' असा आहे. "आमची मंडळी दीडशे घरांची" असं म्हणतात, मग ती आंब्याखाली बसत असली तरी.

या मंडळीच्या पुढाऱ्यांची नावं ऐकायला भारदस्त वाटतात, पण मुळात ती अगदी साधी आहेत. 'पास्टर' हा लॅटिनमधला मेंढपाळ, म्हणून मराठीत 'पाळक'. 'बिशप' ग्रीकमधून आला, अर्थ देखरेख करणारा. 'प्रेस्बिटर' म्हणजे वडीलधारा. 'डीकन' म्हणजे सेवक, पंगतीत वाढणारासुद्धा. कॅथलिकांमध्ये धर्मगुरूंना आपण फादर म्हणतो आणि एका चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या कुटुंबांना मिळून 'पॅरिश'. एवढे शब्द पुरेत.

यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मालक असा होत नाही. मेंढपाळ म्हटलं की आपल्याला वाटतं, मेंढ्या त्याच्याच. पण बायबलात येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलमंडळींना बजावलंय की कळप देवाचा आहे, त्यावर धनीपणा करू नका. मराठीत याला मेंढपाळापेक्षा गुराखी हा शब्द जास्त शोभतो. गावची गुरं राखणाऱ्या गुराख्याची त्यातली एकही गाय नसते. सकाळी तो घराघरांतून गुरं गोळा करतो आणि संध्याकाळी प्रत्येक गाय आपापल्या दावणीला पोचली नाही तर लोक त्याच्या दारात येतात. रानात गुपचूप धार काढून दूध पिणारा गुराखी पुन्हा कोणी ठेवत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला चौतिसावा अध्याय नेमका अशा राखणदारांवर चिडलेला आहे: दूध तुम्ही पिता, लोकर तुम्ही पांघरता, आणि लंगड्या मेंढीकडे कोण बघणार?

तहसीलदार, सरपंच आणि इनामदार

आता काकूंचा प्रश्न. आपल्या हाउसिंग सोसायटीत चेअरमन निवडून येतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, हिशेब मांडावा लागतो, आणि पार्किंगवरून कोणी ना कोणी उभं राहून ओरडतोच. चर्चमध्ये असं होतं का? ते चर्च कोणत्या पंथाचं आहे, त्यावर अवलंबून.

कॅथलिक पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू तहसीलदारासारखे. वरून नेमणूक होते, काही वर्षांनी बदली होते, लोकांनी निवडायचा प्रश्न येत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत ही नेमणूक मुंबईचे आर्चबिशप, म्हणजे अनेक पॅरिशवर देखरेख करणारे मोठे बिशप, करतात. जानेवारी २०२५ पासून ते पद जॉन रॉड्रिग्ज यांच्याकडे आहे. गंमत म्हणजे वाशी-नेरूळला एकाच इमारतीतल्या दोन कॅथलिक कुटुंबांचे बिशप वेगळे असू शकतात. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या लोकांसाठी १९८८ पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

माझ्या माहेरच्या बाजूला चित्र जरा निराळं. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपण सीएनआय म्हणतो. तिथे पाळक बिशपांकडून येतात, पण पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, सभासदांनी निवडलेली असते. म्हणजे तहसीलदार आणि सरपंच एकाच टेबलाशी. त्या टेबलावर काय काय होतं, हे माझ्या वडिलांनी वीस वर्षं पाहिलं आणि मग रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या.

तिसरा प्रकार स्वतंत्र मंडळ्यांचा. एखाद्या गाळ्यात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या. पास्टरांनीच सुरू केलेल्या, बरेचदा बायको-मुलांच्या हातभाराने उभ्या केलेल्या. तिथे तहसीलदार नाही, सरपंच नाही. जुन्या भाषेत सांगायचं तर इनामदार. मध्यरात्री हॉस्पिटलमध्ये धावून जाणारे पास्टर मी त्यांच्यात पाहिलेत. पण माणूस चांगला निघाला तर चांगलं, हे नशिबावर सोडणं झालं.

मग चांगला कोणाला म्हणायचं?

बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात देखरेख करणाऱ्याचे गुण दिलेत. यादी वाचून पहिल्यांदा मी चकित झाले होते. चमत्कार नाहीत, दृष्टान्त नाहीत, 'दूरदृष्टी' नाही. काय आहे? नेमस्त असावा, पाहुण्यांना घरात घेणारा असावा, शिकवता येत असावं. दारुडा नसावा, पैशाचा लोभी नसावा, नवशिका नसावा. घर नीट चालवत असावा. बाहेरच्या लोकांत नाव बरं असावं. म्हणजे काकूंसारख्यांचं मतही मोजायचं. आणि मराठी बायबलमधला एक शब्द मला फार आवडतो: 'मारका' नसावा. आपण मारका बैल म्हणतो ना, तोच शब्द. जवळ गेलं की शिंग उगारणारा.

थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या छोट्या मंडळ्यांना हुशार माणसापेक्षा निर्धोक माणूस हवा होता. 'मारका' या एका शब्दावरून माझी स्वतःची कसोटी तयार झाली आहे. पुढारी कसा आहे हे पाहायचं असेल तर त्याचं प्रवचन ऐकत बसू नका. त्याला 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचं त्या मंडळीत पुढे काय होतं, ते बघा.

मी हे कुठे शिकले, ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका पॅरिशमध्ये होतो, नाव नको. तिथे मराठी मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती सामूहिक उपासना, महिन्यातून एकदा असायची, दुपारी तीन वाजता, भर उन्हात. इंग्रजी मिस्सा मात्र रोज सकाळ-संध्याकाळ. एका शिक्षिकाबाईंनी पन्नासेक सह्या गोळा केल्या आणि मराठी मिस्सा सकाळी घ्या असा अर्ज दिला. फादर गोड हसले, अर्ज घेतला. पुढच्या महिन्यात वेदीवर शास्त्रवाचन करणाऱ्यांची यादी नोटीसबोर्डावर लागली. त्यात बाईंचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हतं. कोणी त्यांना काही बोललं नाही. बाईंनीही विचारलं नाही. वर्षभराने त्या त्यांच्या लेकीकडे डोंबिवलीला राहायला गेल्या.

वाढप्यांची गोष्ट

अशीच तक्रार पहिल्या मंडळीत झाली होती. बायबलातलं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय सहा. यरुशलेममध्ये रोज विधवांना अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. स्थानिक भाषा बोलणाऱ्यांना आधी मिळतं. म्हणजे भाषेवरून पंगतीत दुजाभाव. नवी मुंबईतल्या कुठल्याही पॅरिशला हे समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजी, मल्याळम, तमिळ, कोंकणी, मराठी असे सगळे एकाच छपराखाली, आणि प्रत्येकाला वाटतं की चांगली वेळ दुसऱ्यालाच मिळाली.

बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या जवळच्या शिष्यांनी, काय केलं? 'मंडळीत फूट पाडू नका' असं सुनावलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, तुमच्यातलेच सात जण निवडा, हे काम त्यांच्या हाती देऊ. आता त्या सात जणांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, पळी त्यांच्याच हातात दिली.

ही गोष्ट आमच्याकडे 'सेवेचं महत्त्व' म्हणून सांगतात. ते बरोबरच आहे, पण मला त्यात जास्त मोठं काही दिसतं. पुढाऱ्याने कुरकुरीला बंड मानलं नाही, माहिती मानलं. लग्नाच्या पंगतीत यजमानाला कळत नाही की शेवटच्या रांगेत भात पोचलेला नाही. ते शेवटच्या रांगेत बसलेलाच ओरडून सांगतो.

पैशांच्या खोलीत

दान हा विषय काढला की लोक कुजबुजतात, म्हणून मी जे पाहिलं तेच सांगते.

आताच्या पॅरिशमध्ये काही काळ मी दान मोजणाऱ्यांत होते. रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर वेदीमागच्या खोलीत, जिथे फादरांचे झगे टांगलेले असतात, तिथल्या टेबलावर पिशव्या ओतायच्या. दहाच्या नोटा चार-चार घड्या घातलेल्या. काही इतक्या घट्ट की नखाने उलगडाव्या लागतात. एखाद्या नोटेला वेखंडाचा वास, कुठल्या तरी आजीच्या चंचीतून आलेली. नाणी स्टीलच्या डब्यात. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे जुळले तर तिघांनी चिठ्ठीवर सही करायची.

आमचे तेव्हाचे फादर त्या खोलीत पाऊल ठेवत नसत. मला आधी वाटलं, पैशाचा कंटाळा असेल. एकदा विचारलं. म्हणाले, "मी मोजलेले पैसे तुम्ही पुन्हा मोजायला लाजाल."

त्या एका वाक्यात जे कळलं ते कुठल्याही शिबिरात कळलं नसतं. लोक आपला आदर करतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याच आदरामुळे हिशेब कच्चा राहतो हेही. गावोगावी पहिल्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या पौलाचा विचार याहून वेगळा नव्हता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या निधीबद्दल लिहितो, तेव्हा सोबत आणखी माणसं पाठवतो. कारण कोणी बोट दाखवायला नको, आणि देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसायला हवा.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत हे नियमांच्या रूपात आहे. प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असलीच पाहिजे (कलम ५३७), आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे (कलम १२८७). शिवाय आपल्या राज्यात चर्चची मालमत्ता सहसा सार्वजनिक न्यासाच्या नावे असते. त्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो आणि लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. तेव्हा "चर्चला कोण विचारणार?" हा समज चुकीचा आहे. विचारणारे आहेत. विचारतात किती, ही वेगळी गोष्ट.

"पण देवाच्या अभिषिक्ताला प्रश्न कसा विचारायचा?"

ही शंका बाहेरच्यांना येत नाही, आमच्याच माणसांना येते, आणि मनापासून येते. बायबलातल्या दावीदाने आपल्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हातात सापडूनही त्याला मारलं नाही, कारण तो देवाचा अभिषिक्त, म्हणजे तेल लावून निवडलेला, होता. ही गोष्ट पुढाऱ्याला कोणी काही बोललं की लगेच काढली जाते. पण दावीदाने शौलाचा जीव घेतला नाही, तोंड बंद ठेवलं असं नाही. गुहेबाहेर येऊन त्याने राजाला मोठ्याने जाब विचारला. तीच गोष्ट पुढे वाचली की सापडतं. आणि तो स्वतः राजा झाल्यावर चुकला, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर बोलला. दावीदाने नाथानाला हाकललं नाही.

याहून थेट उदाहरण गलतीकरांच्या पत्रात आहे, अध्याय दोन. पेत्र अंत्युखिया शहरात परक्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर, जेवत होता. यरुशलेमची माणसं आली तसा तो मागे सरला, वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांदेखत त्याला सुनावलं. पेत्र म्हणजे कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात तो! त्यानंतरही पौल पौलच राहिला आणि त्याची पत्रं बायबलात आली. उलट योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक गृहस्थ भेटतो. त्याला पहिल्या नंबरावर राहायची हौस. तो स्वतः पाहुण्यांना घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. बस, एवढ्यासाठीच त्याचं नाव टिकलं.

कायदेसंहितेच्या कलम २१२ मध्येही आहे की मंडळीच्या हिताबद्दल आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा लोकांचा हक्क आहे, काही वेळा कर्तव्यसुद्धा. अर्थात आदर राखून. माईक हिसकावून नाही.

"चर्च म्हणजे काही लोकशाही नव्हे"

मान्य. कॅथलिक पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे पॅरिशमधल्या लोकांच्या समितीचं, मत सल्ल्यापुरतं असतं. शेवटचा शब्द धर्मगुरूंचा. येशू देव की माणूस, यावर हात वर करून मतदान घ्यायचं नाही, हे मलाही पटतं. पण हॉलला टाइल्स कुठल्या लावायच्या हा काही श्रद्धेचा विषय नाही, आणि खरी भांडणं टाइल्सवरूनच होतात.

शिवाय सल्ला बंधनकारक नाही म्हणजे ऐकायचाच नाही, असं नव्हे. चांगला डॉक्टर पेशंटच्या मतावर औषध ठरवत नाही, पण "कुठे दुखतंय?" हे विचारल्याशिवाय लिहीतही नाही. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या पॅरिशना हाच प्रश्न विचारायला लावला होता. त्या प्रक्रियेला सिनड म्हणतात, अर्थ 'एकत्र वाटचाल'. आमच्याकडेही त्या निमित्ताने प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसवलं गेलं. ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर बरीच पानं आहेत. गोल खुर्च्या नंतर पुन्हा रांगेत लागल्या, हेही खरं.

बोलणं गोड, काम एकट्याचं

सुंदर प्रवचन देणारा म्हणजे चांगला पुढारी, हा गैरसमज आता यूट्यूबमुळे वाढलाय. पौलाबद्दल करिंथमध्ये लोक म्हणत की पत्रं वजनदार, पण समोर आला की दिसायला फिका आणि बोलण्यात काही दम नाही. म्हणजे आजच्या हिशेबाने व्ह्यूज फारसे नसते.

दुसरा गैरसमज, सगळं स्वतः करणारा म्हणजे कष्टाळू. बायबलात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याच्या सासऱ्याने येऊन सांगितलं, तू पण थकशील आणि ही माणसंही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याचा सल्ला जावयाने ऐकला, हा खरा चमत्कार. आजचे छोटे ख्रिस्ती समूह, म्हणजे वीस-तीस घरांचे गट, याच धर्तीवर चालतात. कोणाच्या घरी आजारपण आहे हे फादरांच्या आधी त्यांना कळतं. आणि हे गट बहुतेक ठिकाणी बायकाच चालवतात. रोमकरांच्या पत्रात फीबीबाईंना मंडळीची सेविका म्हटलंय, तेव्हापासून हे चालू आहे. सीएनआयमध्ये स्त्रिया पाळकही होतात, कॅथलिकांत नाही. पण २०२३ च्या सिनडमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा मताचा अधिकार मिळाला. उशीर झाला असं माझं मत. माझ्या सासूबाईंचं मत याहून तिखट आहे.

"घरातलं घरात मिटवू"

इथे मात्र मला विनोद सुचत नाही. एखाद्या मुलाला त्रास झाला आणि बोट पुढाऱ्याकडे गेलं, तर मंडळीची पहिली हाक 'बदनामी नको' अशी असते. अशा वेळी कायदा काय सांगतो ते ठाऊक असलं पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फादर, पास्टर, शिक्षक, शेजारी, सगळ्यांना. बिशपांना पत्र लिहिलं म्हणजे हे काम झालं असं होत नाही. हे स्वतःहून करणारा, आपल्या जवळच्या सहकाऱ्याबाबतही करणारा पुढारी हवा. तिथे कौन्सिलचा सल्ला घेत बसायचं नसतं.

काकूंचं उत्तर

काकूंना हे सगळं मी दोन-तीन खेपांत सांगितलं. त्यांनी गुराख्याचं लगेच उचललं आणि आमच्या सोसायटीच्या चेअरमनला लावून पाहिलं. तो भाग इथे लिहीत नाही. मग म्हणाल्या, "बरं, तुझ्या आताच्या चर्चमध्ये 'नाही' म्हणणारा आहे का कोणी?"

आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. हॉलच्या नूतनीकरणाच्या मीटिंगला ते तीन कोटेशन्स घेऊन आले, फादरांनी निवडलेला ठेकेदार महाग का आहे ते त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं, आणि शेवटी आपला विरोध कार्यवृत्तात लिहायला लावला. फादरांचा चेहरा लाल झाला होता. मी समोरच बसले होते. काम त्यांनी त्याच ठेकेदाराला दिलं. काका रागाने चहा न घेता गेले.

पुढच्या रविवारी मी नोटीसबोर्डावरची वाचकांची यादी वाचायला जरा आधीच गेले. सकाळच्या मराठी मिस्सेला पहिलं वाचन: काकांचं नाव. त्यांनी ते नेहमीसारखंच वाचलं, चष्मा नाकाच्या टोकावर, प्रत्येक ओळीनंतर लांबलचक थांबत.